दुखणं, झोप आणि मन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी सीमाभागातून, म्हणजे खानापूर, निपाणी, बेळगाव, हुक्केरी, अथणी या बाजूनं आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. आजार वेगवेगळे असले तरी सगळ्यांची तक्रार एकच आहे : दुखण्यानं झोप गेली, झोप गेली म्हणून मन खचलं, आणि मन खचल्यावर दुखणं दुप्पट वाटू लागलं. हा फेरा तोडायचा तर पहिला हात झोपेला घालावा, असं आमचं मत आहे. दुखणं जुनं असतं, मन सांगून ऐकत नाही. झोपेच्या वेळा मात्र काही अंशी आपल्या हातात असतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ४६. आठ वर्षांपासून आमवात आहे. आठवड्याची गोळी आणि रोजची थोडी स्टिरॉइडची गोळी चालू आहे. रात्री नऊला अंथरुणावर पडते, अकरापर्यंत डोळा लागत नाही. दोन वाजता जाग येते ती चारपर्यंत. सकाळी सहाला उठते तेव्हा बोटं वळत नाहीत. दिवसभर पडून राहावंसं वाटतं, पडते, पण झोप लागत नाही. घरचे म्हणतात, एवढी झोपतेस तरी दमतेस कशी? (खानापूर तालुका)

ताई, घरचे तुमचे अंथरुणातले तास मोजतात, झोपेचे नाही. नऊ ते सहा म्हणजे नऊ तास. त्यातून सुरुवातीचे दोन आणि मधले दोन वजा करा. झोप उरते पाच तास. म्हणजे अंथरुणातल्या शंभर मिनिटांपैकी जेमतेम पंचावन्न मिनिटांची झोप. निरोगी माणसात हा आकडा पंच्याऐंशीच्या पुढे असतो. उरलेला वेळ तुम्ही तळमळता, आणि रोज तळमळून शरीराला सवय लागते की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे.

आधी औषधं पाहू. स्टिरॉइडची, म्हणजे बहुधा प्रेडनिसोलोनची, गोळी संध्याकाळी घेत असाल तर झोप उडण्याचं कारण तीच असू शकते. साधारणपणे ती सकाळी नाश्त्यानंतर घेतात. दोन वेळा वाटून दिली असेल, तर सगळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ती मनानं बंद मात्र करू नका, एकदम थांबवलेलं स्टिरॉइड जिवावर बेतू शकतं. आठवड्याची गोळी मेथोट्रेक्सेट असणार. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारीच घ्यायची. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रात्री दोनला सांध्यांच्या ठणक्यानं जाग येत असेल, तर आमवात अजून काबूत नाही असा त्याचा अर्थ आहे. पुढच्या भेटीत ‘सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागतात’ हे आकड्यात सांगा. तासाच्या वर लागत असेल, तर मुख्य औषध वाढवायचं की बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यावर झोपेची गोळी हा उपाय नाही.

आता झोप. दोन आठवडे एक वही ठेवा. सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा : किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग कितीला आली, अंथरूण कितीला सोडलं. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घड्याळ उशाजवळ नकोच. मोबाईलचा गजर लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

दोन आठवड्यांची सरासरी काढा. झोप पाच तास निघाली तर अंथरुणात साडेपाच तासच घालवायचे. उठायची वेळ पक्की धरा, सहा. म्हणजे रात्री साडेबारापर्यंत अंथरुणाकडे जायचं नाही. हे क्रूर वाटेल, आणि पहिले दहा-पंधरा दिवस दिवसा जास्त पेंग येईल. इथेच बहुतेक जण सोडून देतात. पण झोपेची भूक साठली की ती सलग लागू लागते. अंथरुणातल्या शंभर मिनिटांपैकी झोपेची आठवड्याची सरासरी पंच्याऐंशीच्या वर गेली की पंधरा मिनिटं आधी पडायला लागा, पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. फिट्स येणाऱ्यांनी, मनाच्या अतिउत्साह आणि उदासी अशा दोन टोकांच्या आजारवाल्यांनी आणि गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

ही झाली नेहमीची रीत. पण तुमचे सांधे सुजलेले असताना एवढी ओढाताण आम्ही सुचवणार नाही. दर आठवड्याला अंथरुणातला वेळ अर्ध्या तासानं कमी करत या : या आठवड्यात साडेनऊ, पुढच्या आठवड्यात दहा. हळू जाईल, पण शरीर सोसेल.

जाग आली आणि वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, की उठा. स्वयंपाकघरात मंद दिव्यात बसा, शेंगा सोला, वाती वळा. बोटं वळत नसतील तर नुसतं बसून हळू आवाजात भजन ऐका. झापड आली की परत जा. खानापूरच्या पावसात गारठ्यानं सांधे आखडतात, तेव्हा उठून बसायचं असेल तर कांबळं आणि पायमोजे आधीच काढून ठेवा, नाहीतर थंडीच्या भीतीनं उठणं होत नाही. दुपारी पडायचंच असेल तर तीनच्या आधी आणि वीस मिनिटं, गजर लावून.

थकव्याचं म्हणाल तर सगळं झोपेच्या माथी मारू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्या एकदा करून घ्या. आमवातात सूज असली की फेरिटिन खोटं जास्त दिसतं, म्हणून तो आकडा सीआरपी या सुजेच्या रक्ततपासणीबरोबर वाचायला डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या, साखर पंधरा वर्षांपासून. बिड्या वळून घर चालवलं. आता रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, पायांची आग होते म्हणून ओला टॉवेल गुंडाळतात, ‘जीव नको नको झालाय’ म्हणतात. मिश्री सुटत नाही, झोपताना लावतातच. (निपाणी)

रात्री चार वेळा लघवी म्हणजे बहुधा साखर वर आहे, किंवा लघवीत जंतू आहेत. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आधी करा. ब्लडप्रेशरसाठी लघवी होणारी गोळी असेल तर ती सकाळी घ्यायची आहे ना, ते पाहा. पायाला सूज असेल तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवी होते. म्हणून दुपारी चार ते पाच पाय उशीवर उंच ठेवून पडू द्या, म्हणजे ते दिवसाच निघून जाईल. संध्याकाळी सातनंतर पाणी घोटभरच.

उलट बाजूही पाहा. इन्शुलिन किंवा साखरेची ग्लिबेनक्लामाइडसारखी जुन्या प्रकारची गोळी रात्री घेत असतील आणि पहाटे घामानं कपडे भिजत असतील, वाईट स्वप्नं पडत असतील, सकाळी डोकं दुखत असेल, तर मध्यरात्री साखर खाली जाते आहे. तीन वाजता एकदा ग्लुकोमीटरवर बघा. सत्तरच्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पायांची आग ही नसांची. साध्या वेदनाशामकानं ती जात नाही, आणि त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ कमी होतं आणि त्यानंही पाय जळतात, तेव्हा ती तपासणी हवीच. नसांच्या आगीवर अमिट्रिप्टिलीन दहा मिलिग्रॅम, झोपायच्या दोनेक तास आधी, अशी सुरुवात करतात. पण हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू असेल किंवा लघवी अडत असेल तर ती चालत नाही. ड्युलोक्सेटिन नसांची आग आणि उदासी या दोन्हींवर चालतं, म्हणून सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांना त्याचं नाव घेऊन विचारा. यकृत किंवा मूत्रपिंड फार बिघडलं असेल तर ते टाळतात. ओला टॉवेल मात्र काढा. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की कातडी फुटते, आणि साखरेच्या पायाला फुटलेली कातडी महाग पडते. गार फरशीवर पाच मिनिटं पाय ठेवून कोरडे पुसावेत.

मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. निकोटीन मेंदूला जागं करतं, आणि दोन-तीन तासांनी त्याचा अंमल उतरला की तलफ परत जागं करते. सासूबाई रात्री उठतात तेव्हा पुन्हा मिश्री लावतात का, ते बघा. एकदम सोडायला लावलंत तर घरात भांडण होईल आणि चिडचिड वाढेल. आधी शेवटची मिश्री सहाच्या आत आणा, झोपताना साधी पेस्ट किंवा बडीशेप द्या. ती जमली की रात्रीची बंद, मग दिवसाची. आयुष्यभर तंबाखूच्या धुळीत बसलेल्या बाईला तुम्ही दोष न देता हे सांगितलंत तर त्या ऐकतील.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, माग चालवतो. झोपेसाठी तीन वर्षं अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम रोज एक घेतो, ओळखीच्या मेडिकलमधून मिळते. बंद केली की दोन रात्री टक्क जागा, छाती धडधडते. ब्लडप्रेशर आहे. बायको म्हणते फार घोरतो. (वडगाव, बेळगाव)

दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. जाडजूड मान, ब्लडप्रेशर, मोठं घोरणं, आणि मध्येच घोरणं थांबून श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठणं, हे असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. त्यात रात्रभर झोपूनही झोप पुरत नाही, ब्लडप्रेशर गोळ्यांना दाद देत नाही, मन खिन्न राहतं. अल्प्राझोलम घशाचे स्नायू आणखी ढिले करते. दारूही तेच करते. बायकोला रात्री दोन मिनिटांचं चित्रीकरण करायला सांगा आणि ते छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी बेळगावात मोठ्या रुग्णालयांत होते.

गोळी एकदम बंद करू नका. धडधड, थरथर आणि क्वचित फिट येते. ही ‘आजार परत आला’ची खूण नाही, गोळी तुटल्याची आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी सुरुवातीच्या मात्रेचा दहा ते पंचवीस टक्के भाग कमी करतात. तुमच्या बाबतीत पाव मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी हे जमतं : ०.५ वरून ०.३७५ (दीड गोळी), मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर मागे जायचं नाही, तिथेच आणखी दोन आठवडे थांबायचं. दोन ते चार महिने लागतील. ‘एक दिवसाआड’ घेऊ नका, त्यात दर दोन दिवसांनी एकदा गोळी तुटते. काही डॉक्टर आधी लांब पल्ल्याच्या, म्हणजे अंमल जास्त वेळ टिकणाऱ्या, गोळीवर आणून मग कमी करतात, तेही चालतं. या काळात मागावर हात सांभाळा.

ही गोळी शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदारानं तिची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवायची असते. ओळखीनं मिळते म्हणून ती साधी गोळी होत नाही. ‘झोप येईना’ म्हटलं की पट्टी काढून देण्याच्या या सवयीनं आपल्या भागात फार माणसं अडकली आहेत.

प्रश्न : थायरॉइड आणि ब्लडप्रेशर आहे. शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आली की उसाला पाणी द्यायला दोन वाजता जावं लागतं. झोपेचं काय करू? (हुक्केरी तालुका)

विजेची पाळी बदलेपर्यंत झोपेचा एक तुकडा पक्का ठेवा. रात्री नऊ ते दीड रोज, मोटर असो वा नसो, आणि सकाळी आल्यावर खोली काळोखी करून आणखी दोन तास. शेतात जाताना चहा चालेल, परतायच्या आधी नको, त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं शरीरात असतं. थायरॉइडची गोळी झोपून उठल्यावर, उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी.

प्रश्न : नवऱ्याची किडनी गेली आहे, वय ४१. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पूर्वी गावभर हिंडणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडतो. मुलीच्या शाळेचंही विचारत नाही. परवा म्हणाले, मी गेलो तर तुम्ही सुटाल. आजारपणानं माणूस असाच होतो का? (अथणी तालुका)

ताई, नाही. आजारपणानं माणूस दुःखी होतो, चिडतो. पण लाडक्या मुलीचंही काही वाटेनासं होतं, स्वतःचं ओझं वाटू लागतं, तेव्हा ते नैराश्य असतं, आणि त्याला वेगळा उपचार आहे. डायलिसिसवाल्यांत ते ओळखायला चुकतं, कारण थकवा, भूक मरणं, झोप उडणं हे किडनीच्या आजारातही असतं आणि डॉक्टर ते तिकडे जमा करतात. म्हणून शरीराच्या खुणा बाजूला ठेवून तीन गोष्टी बघा : कशातच गोडी नाही, आपण नालायक आहोत असं वाटतं, पुढे काही चांगलं होणार नाही अशी खात्री. दोन आठवड्यांच्या वर हे रोज असेल तर थांबू नका.

‘मी गेलो तर सुटाल’ हे आजच मनावर घ्या. त्यांच्याशेजारी बसून स्पष्ट विचारा : ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, ते ठरवलंय का?’ विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘असलं बोलू नका, मुलीकडे बघा’ म्हणून तोंड बंद करू नका. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरातून आणि शेतातल्या खोपीतून काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे घ्या, रोजच्या रोज द्या. डायलिसिस बुडवायला लागले तर तोही तोच इशारा आहे, ‘आज कंटाळा आला’ म्हणून सोडून देऊ नका.

टेलि-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. सुरुवातीलाच ‘मराठीत बोलायचं आहे’ म्हणून सांगा. जिवाला धोका वाटला तर १०८ ची गाडी बोलवा. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

उपचारासाठी अथणीकरांना मिरज-सांगली जवळ, बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि गंभीर असेल तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिम्हान्स. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर ठरलेल्या वारी येतात, बहुतेक ठिकाणी मंगळवारी. आधी चौकशी करून जा. डायलिसिसच्या दिवशी नेऊ नका, त्या दिवशी त्यांच्यात बोलायचं त्राण नसतं.

डायलिसिसवर असलेल्यांना नैराश्यावर सर्ट्रालीन ही गोळी बऱ्याचदा देतात, पंचवीस मिलिग्रॅमपासून. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता येते, म्हणून जेवणानंतर द्या. मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त, आणि याच दिवसांत लक्षही सगळ्यात जास्त ठेवायचं. मानसोपचार डॉक्टरांना डायलिसिसचा कागद आणि डायलिसिसच्या डॉक्टरांना या गोळीची चिठ्ठी, दोन्ही दाखवा. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात.

झोपेचं एक कारण त्यांच्या पायांत असू शकतं. पडल्यावर पाय वळवळतात, हलवले की बरं वाटतं, असं असेल तर लोह तपासा. डायलिसिसवाल्यांत हे फार दिसतं. आणि चार तासांच्या डायलिसिसमध्ये ते गाढ झोपत असतील तर रात्रीची झोप तिथेच खर्च होते. तेव्हा कुणीतरी शेजारी बसा, बोला, मोबाईलवर क्रिकेट लावा.

घरात त्यांना पुन्हा हालचालीत आणायचं तर ‘उत्साह आणा’ म्हणू नका. डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळी उन्हात अंगणात दहा मिनिटं, एवढंच. चौथ्या दिवशी मुलीच्या वहीवर सही. आठवड्यानं दुकानापर्यंत. काम आधी, इच्छा मागून येते. उलट व्हायची वाट बघितली तर महिने जातात.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात. मला दुखतं तेवढं सांगता येतं, मनाचं सांगता येत नाही. (बेळगाव ग्रामीण)

ही अडचण खरी आहे. ‘नोवु’ म्हणजे दुखणं, ‘सुस्तु’ म्हणजे थकवा, ‘निद्दे बरोदिल्ल’ म्हणजे झोप येत नाही, एवढं सगळ्यांना येतं. मनाच्या गोष्टीला आपण ‘बेजार’ म्हणतो. तो शब्द कन्नडातही आहे, म्हणून सोपा वाटतो, पण तो फार हलका आहे. कंटाळा आला तरी बेजार आणि जगणं नकोसं झालं तरी बेजार. डॉक्टर पहिला अर्थ घेतात. ‘जीवना साकागिदे’, जगण्याला कंटाळलोय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

त्याहून बरं म्हणजे एक कागद न्या. नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-नऊ ही यादी मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. घरी मराठीत भरा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा वर आले तर डॉक्टरांना दाखवायचंच. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी. प्रश्नांचे क्रमांक दोन्ही भाषांत तेच, त्यामुळे डॉक्टरांना आकडे वाचता येतात. त्याच कागदाच्या मागे झोपेच्या वहीतली सात दिवसांची सरासरी, चालू गोळ्यांची नावं आणि वेळा लिहा. तारीख घालून एक झेरॉक्स घरी ठेवा. महिन्यानं परत भराल तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवता येतील.